बिग बेनच्या पायथ्याशी ३९ मीटर खोल: वेस्टमिन्स्टर स्टेशन कसं खणलं?

प्रश्न असा आहे: "लंडनला वेस्टमिन्स्टर स्टेशनात उतरलो. सरकत्या जिन्यांवरून वर येतच राहिलो, येतच राहिलो. चहूबाजूंना उघडं काँक्रीट आणि डोक्यावरून आडव्या गेलेल्या लठ्ठ पोलादी नळ्या. बाहेर पडलो तर समोरच बिग बेन. इतक्या जवळ एवढा खड्डा खणूनही तो मनोरा उभा कसा राहिला? तो मेट्रोमुळे कलला असं ऐकलं, ते खरं का? आणि त्या नळ्या शोभेच्या की कामाच्या?"

आधी थोडक्यात सांगतो. नळ्या पूर्णपणे कामाच्या आहेत. मनोरा कललेला आहे, पण त्या कलण्यात मेट्रोचा वाटा लहान आहे. आणि तो उभा राहिला याचं कारण असं, की तो हलणार हे काम करणाऱ्यांनी पहिल्यापासून गृहीत धरलं होतं. किती हलू द्यायचा याचा आकडा त्यांनी ठरवला होता आणि त्या आकड्यापलीकडे तो जाऊ लागला तर काय करायचं, याची सोय आधीच जमिनीत करून ठेवली होती. आता सविस्तर.

मी माती आणि पाया या विषयातला इंजिनिअर आहे. भुयाराच्या वर उभ्या असलेल्या इमारतींवर उपकरणं बसवायची आणि रोज त्यांचे आकडे वाचायचे, यात माझी सत्तावीस वर्षं गेली. वेस्टमिन्स्टरच्या कामावर मी नव्हतो. पण आमच्या विषयात ते काम शिकताना समोर ठेवलं जातं, आणि मनोऱ्याच्या कलाचा तो आलेख मी नव्या मुलांना अनेकदा फळ्यावर काढून दाखवला आहे.

वेस्टमिन्स्टरला खरं तर दोन स्टेशनं एकावर एक आहेत. वरचं डिस्ट्रिक्ट आणि सर्कल लाइनचं, २४ डिसेंबर १८६८ ला सुरू झालेलं. तेव्हा त्याचं नाव वेस्टमिन्स्टर ब्रिज होतं. त्या काळी रस्ता उघडा खणायचा, रूळ टाकायचे आणि वरून झाकून घ्यायचं, अशी पद्धत होती. म्हणून ते जमिनीलगतच आहे. खालचं स्टेशन ज्युबिली लाइनच्या विस्ताराचं. ग्रीन पार्कपासून स्ट्रॅटफर्डपर्यंतच्या या १६ किलोमीटरच्या मार्गाचं बांधकाम १९९३ च्या डिसेंबरात सुरू झालं. वेस्टमिन्स्टरनंतर ही लाइन थेम्स नदीखालून वॉटर्लूला जाते, त्यामुळे तिला खोल जाणं भागच होतं.

दोन्ही स्टेशनांना जोडायला जिने हवेत, लिफ्ट हव्यात, हवा खेळायला जागा हवी. त्यासाठी खणलेला चौकोनी खड्डा म्हणजे आमच्या भाषेत 'बॉक्स'. खोली सुमारे ३९ मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत उलटी जमिनीत उतरवावी तेवढी. त्या वेळी मध्य लंडनमधली ही सर्वांत खोल खोदाई होती. आणि मनोऱ्यापासून अंतर? ३४ मीटर. खड्डा जेवढा खोल, त्याहूनही मनोरा जवळ. पाया खणणाऱ्या कुठल्याही अनुभवी मुकादमाला हे दोन आकडे सांगून पाहा, तो पहिल्यांदा मनोऱ्याकडेच बघेल.

आता नळ्या. खड्डा खणला की भोवतालची माती आत ढकलते. विहीर बांधणाऱ्याला हे ठाऊक असतं. ३९ मीटर खोलीवर तो रेटा प्रचंड असतो. म्हणून खणण्याआधी चारही बाजूंनी जमिनीत काँक्रीटची भिंत उतरवली, तिला डायफ्राम वॉल म्हणतात. एक मीटर जाडीची. अरुंद चर खणायचा, तो कोसळू नये म्हणून बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीच्या घोळाने भरलेला ठेवायचा, त्यात लोखंडाचा पिंजरा सोडायचा आणि तळापासून काँक्रीट ओतत वर यायचं. काँक्रीट चढतं तसा घोळ बाहेर निघतो. भिंत तयार झाल्यावर खोदाई वरून खाली केली: आधी वरची स्लॅब, तिच्याखालची माती काढायची, मग पुढचा टेकू, पुन्हा माती. तुम्ही पाहिलेल्या नळ्या म्हणजे त्या समोरासमोरच्या भिंतींना एकमेकींपासून दूर धरून ठेवणारे टेकू. वास्तुविशारद मायकेल हॉपकिन्स यांच्या कार्यालयाने ते झाकले नाहीत. मला हा निर्णय फार आवडतो. भिंतीवर किती भार आहे ते जिन्यावरून जाणाऱ्या माणसाला डोळ्यांनी दिसतं.

जे दिसत नाही ते त्याहून चतुर आहे. टेकू वरून खाली बसवत जायचे तर भिंतीचा तळ शेवटपर्यंत मोकळाच राहतो, आणि रेटा तर तिथेच सर्वांत जास्त. खणत खाली पोहोचेपर्यंत भिंत आत वाकलेली असायची, तिच्यामागची माती सरकलेली असायची आणि त्या मातीवरचा मनोराही हललेला असायचा. म्हणून त्यांनी बॉक्सची खोदाई सुरू होण्याआधीच, होणाऱ्या तळाच्याही खाली, एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत लहान भुयारं खणली आणि ती काँक्रीटने भरून टाकली. म्हणजे खड्डा अजून झालेलाच नाही आणि त्याच्या तळाचे टेकू जागेवर तयार! लंडन क्ले ही घट्ट, पाणी सहसा झिरपू न देणारी चिकणमाती असल्यामुळे असं करता आलं. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची ही माती एकेकाळी वरच्या जाड थरांखाली दबलेली होती, म्हणून ती इतकी घट्ट. भुयार खणल्यावर ती काही वेळ स्वतःला सावरून धरते. रेतीत किंवा खाडीच्या गाळात हा विचारही कोणी करणार नाही.

प्लॅटफॉर्म मात्र बॉक्समध्ये नाहीत. ते बॉक्सशेजारच्या भुयारांत आहेत, बॉक्स आणि मनोरा यांच्या मधल्या पट्ट्यात. दोन भुयारं एरवी शेजारीशेजारी असतात, इथे ती एकावर एक आहेत. शेजारी घेतली असती तर एक भुयार मनोऱ्याच्या आणखी जवळ गेलं असतं. ज्युबिली लाइनचा एक प्लॅटफॉर्म वर आणि दुसरा खाली का, असा प्रश्न तिथे उतरणाऱ्या अनेकांना पडतो. त्याचं उत्तर मनोऱ्यात आहे.

भुयार खणलं की वरची जमीन का खचते, हे नीट समजून घेऊ, कारण सगळी कथा त्यावर उभी आहे. यंत्र पुढे सरकतं, मागे अस्तराची कडी बसते. या दरम्यान भोवतालची माती किंचित आत येतेच. म्हणजे भुयाराच्या आकारमानापेक्षा थोडी जास्त माती बाहेर निघते. या जादा मातीला 'व्हॉल्यूम लॉस' म्हणतात आणि तो टक्क्यांत मोजतात. समजा भुयाराचा व्यास पाच मीटरच्या जरा आत आहे, तर छेदाचं क्षेत्रफळ साधारण साडेअठरा चौरस मीटर. दोन टक्के म्हणजे दर मीटर लांबीमागे सुमारे ०.३७ घनमीटर, तीस-चाळीस घमेली माती. ही पोकळी जमिनीवर पसरट, उथळ खळगा होऊन उमटते. भुयार ३० मीटर खोल असेल तर खळग्याच्या मध्याशी साधारण एक सेंटिमीटर. खचणं एवढंसंच, पण इमारतीला त्रास खचण्याने कमी आणि असमान खचण्याने जास्त होतो. मनोऱ्याची एक बाजू खळग्याच्या उतारावर आली की तो त्या बाजूला झुकतो.

आणि टक्क्यांचा अंदाज चुकू शकतो. वेस्टमिन्स्टरच्या जरा पश्चिमेला सेंट जेम्सेस पार्क आहे. ज्युबिलीची भुयारं त्याखालून गेली. वर मोकळी हिरवळ, इमारत नाही, म्हणून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी तिथे जमिनीवर आणि जमिनीत उपकरणांची दाटी केली होती. दोन टक्क्यांच्या आसपासची अपेक्षा होती. पहिल्या भुयाराने ३.३ टक्के दाखवले, दुसऱ्याने २.९. बागेत त्याने काही बिघडलं नाही. पण तीच भुयारं पुढे मनोऱ्याजवळून जाणार होती, आणि तिथे प्लॅटफॉर्मसाठी ती आणखी रुंद करायची होती.

त्याच सुमारास, २१ ऑक्टोबर १९९४ ला, हीथ्रो विमानतळावर रेल्वेसाठी चाललेलं भुयार कोसळलं. माती तीच, लंडन क्ले. सुदैवाने कोणी दगावलं नाही. पण काँक्रीट फवारून भुयार धरायच्या त्या पद्धतीवर प्रश्नचिन्ह लागलं आणि ज्युबिलीवर जिथे ती पद्धत वापरली जात होती, तिथलं कामही थांबवावं लागलं. पार्लमेंटच्या दारात खणणाऱ्यांच्या मनावर त्याचा किती ताण असेल, ते या कामात असलेल्यालाच कळेल.

आता मनोरा. बिग बेन हे खरं आतल्या मोठ्या घंटेचं नाव. मनोरा म्हणजे क्लॉक टॉवर, २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर. उंची ९६ मीटर, घड्याळ १८५९ मध्ये सुरू झालं. वजन सुमारे साडेआठ हजार टन, आणि हे सगळं वजन १५ मीटर बाय १५ मीटरच्या, तीन मीटर जाड काँक्रीटच्या एकाच थरावर. दर चौरस मीटरला जवळपास ३८ टन. थर बसलाय खडी-रेतीच्या थरावर, त्याखाली लंडन क्ले. खाली पाइल, म्हणजे खोलवर उतरवलेले खांब, वगैरे काही नाही. शिवाय मनोरा एका बाजूने पार्लमेंटच्या राजवाड्याला जोडलेला आहे. मनोरा कोसळेल ही भीती खरं तर मुख्य नव्हतीच. तो कलला तर राजवाड्याशी असलेल्या सांध्यात भेगा रुंदावतील, ही होती. उंच आणि बुटकी अशा दोन इमारती जिथे जोडलेल्या असतात, तिथे नेहमी असंच होतं. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही जुन्या वाड्याला मागून चढवलेली खोली बघा, भेग सांध्यातच सापडेल.

या मनोऱ्याची मोजमापं घेण्याची परंपरा मेट्रोच्या आधीची. १९७० च्या दशकात त्याच्या शेजारी, न्यू पॅलेस यार्डखाली खासदारांसाठी १८.५ मीटर खोल पार्किंग बांधलं, तेव्हा मातीचं काम पाहणाऱ्यांत जॉन बर्लंड होते. पुढे ते इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. ज्युबिलीच्या वेळीही सल्ला त्यांचाच, आणि त्याच काळात ते पिसाचा कलता मनोरा वाचवणाऱ्या समितीवरही होते. एकच माणूस दोन जगप्रसिद्ध मनोऱ्यांचे आकडे एकाच वेळी वाचतोय. त्या पिढीकडून आम्ही शिकलो ते हेच: मातीचं गणित आधी मांडा, पण काम चालू असताना माती जे सांगते ते गणितापेक्षा वर ठेवा.

मनोरा ठरलेल्या आकड्यापलीकडे कलू लागला तर, यासाठी सोय अशी केली होती. मनोऱ्याच्या पायाच्या थोडं खाली, चिकणमातीच्या थरात, ब्रिज स्ट्रीटवरच्या एका विहिरीतून लांब आडव्या नळ्या पंख्यासारख्या घुसवून ठेवल्या. या नळ्यांना ठरावीक अंतरावर भोकं असतात आणि भोकांवर रबराचे पट्टे. आतून दाबाने सिमेंटचा घोळ, म्हणजे ग्राउट, सोडला की पट्टा उघडतो आणि ग्राउट नेमक्या त्याच जागी मातीत शिरतं. दाब थांबला की पट्टा मिटतो, नळी धुऊन पुन्हा वापरता येते. खालून भुयार माती खातंय, तर वरून तेवढीच जागा भरून काढायची. याला कॉम्पेन्सेशन ग्राउटिंग म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात कुठे, किती आणि कधी, यातच सगळं. एकदम जास्त सोडलं तर मनोरा उचलला जाईल, तोही वाकडा. चालू भुयाराच्या अगदी डोक्यावर सोडलं तर त्या दाबाने भुयाराचं अस्तर वाकेल. म्हणून थोडं सोडायचं, थांबायचं, मोजायचं, मग पुढचं. जानेवारी १९९६ ते सप्टेंबर १९९७ या काळात वीसपेक्षा जास्त वेळा ग्राउटिंग झालं आणि सगळं मिळून फक्त १२२ घनमीटर ग्राउट गेलं. तुमच्या सोसायटीच्या स्लॅबला येतात तसे सहा घनमीटरचे वीस ट्रान्झिट मिक्सर. साडेआठ हजार टनांचा मनोरा पावणेदोन वर्षं सरळ धरायला एवढंच सिमेंट लागलं. मला अजूनही या आकड्याचं आश्चर्य वाटतं.

मोजायचं कशाने? ओळंब्याने. गवंडी भिंतीला लावतो तोच ओळंबा, फक्त दोरीच्या जागी नजरेची सरळ रेघ: मनोऱ्याच्या आतल्या पोकळीत ५५ मीटर उंचीवर एक खूण आणि खाली उभी नजर टाकणारं उपकरण. ५५ मीटर म्हणजे साधारण घड्याळाच्या तबकडीची उंची. जोडीला झुकाव मोजणारे, विजेवर चालणारे लेव्हल बसवले होते, ते सतत आकडे देत. ५५ मीटरवरची खूण मूळ जागेपासून पंधरा ते पंचवीस मिलिमीटरच्या पट्ट्यात ठेवायची, असं ठरलं होतं. पंचविसाकडे झुकली की ग्राउट. काहीच केलं नसतं तर हेच अंतर शंभर मिलिमीटरच्या पुढे गेलं असतं, असा हिशेब निघतो. काम संपल्यावरही चिकणमाती वर्षानुवर्षं हळूहळू बसत राहते, ती थोडी भर धरूनही मेट्रोमुळे आलेला कल तीनएक सेंटिमीटरच्या आसपास राहिला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण आमच्याकडे ती सर्रास विसरली जाते. उपकरणं खोदाई सुरू व्हायच्या बरीच आधी लागली पाहिजेत. उन्हामुळे मनोरा दिवसभरात काही मिलिमीटर हलतो, उन्हाची बाजू फुगते आणि तो दुसरीकडे झुकतो. ऋतूप्रमाणेही हलतो. हे 'निरोगी' हलणं आधी मोजलेलं नसेल तर खोदाईने झालेलं हलणं त्यातून वेगळं काढणार कसं? एका शहरात मी एका जुन्या दगडी इमारतीवर टिल्टमीटर, म्हणजे कल मोजणारं उपकरण, लावायला गेलो तेव्हा शेजारी खोदाई सुरू होऊन दोन महिने झाले होते. भिंतीत बोट जाईल एवढी भेग होती. घरमालकांनी विचारलं, "साहेब, ही यांच्या खड्ड्याने पडली का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. भेग चाळीस वर्षांची असू शकत होती किंवा चाळीस दिवसांची. शेवटी ना त्यांना भरपाई मिळाली ना कंत्राटदारावरचा संशय गेला. त्या दिवसापासून मी आधीची नोंद असल्याशिवाय कामाला हात लावत नाही.

आता "मेट्रोमुळे कलला" याबद्दल. आज मनोरा वायव्येकडे ०.२६ अंशाने कललेला आहे, म्हणजे टोकाशी सुमारे ४४ सेंटिमीटर. हा आकडा २०११ मध्ये वर्तमानपत्रांत आला आणि बोट ज्युबिली लाइनकडे गेलं. पण ५५ मीटरवरचे तीनएक सेंटिमीटर टोकाशी मोजले तर पाच-सहा होतात. उरलेला सगळा कल त्याआधीचा आहे. बर्लंड यांचं म्हणणं असं, की पार्किंगच्या कामाला सुरुवात करतानाच तो कललेला दिसत होता. बाहेरच्या दगडी आवरणाला त्या कलामुळे भेगा नाहीत, त्या अर्थी मनोरा बांधता बांधताच बराचसा कलला असावा आणि आवरण नंतर चढलं असावं. मला हे पटतं. नव्या पायावर वजन चढत असताना माती सर्वांत जास्त बसते.

मुंबईकरांना यात आपली गोष्ट दिसेल. मेट्रो ३ फोर्टातल्या, काळबादेवी-गिरगावातल्या जुन्या इमारतींखालून गेली आहे आणि तिथेही भिंतींवर टिल्टमीटर आणि भेगांची रुंदी मोजणारे क्रॅकमीटर लागले. मात्र लंडनचा उपाय तिथे जसाच्या तसा उचलता येत नाही. मुंबईत भुयार बहुतेक ठिकाणी खडकात असतं, त्यामुळे व्हॉल्यूम लॉस फारच कमी. धोका वरच्या भरावात आणि गाळात असतो. खड्ड्यात पाणी झिरपून भोवतालच्या भूजलाची पातळी उतरली, की तो गाळ आवळतो आणि वरचा पाया बसतो. म्हणून मुंबईत टिल्टमीटरइतकंच लक्ष पाण्याच्या पातळीवर, म्हणजे जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या पिझोमीटरवर ठेवावं लागतं.

पुढच्या खेपेला गेलात तर डिस्ट्रिक्ट लाइनच्या प्लॅटफॉर्मवरही थांबा. बॉक्सच्या वर पोर्टकुलिस हाउस ही खासदारांच्या कार्यालयांची इमारत उभी राहायची होती. तिचा तळमजला हव्या त्या पातळीवर यावा म्हणून १८६८ पासूनची ती लाइन ३०० मिलिमीटर खाली घ्यावी लागली. गाड्या बंद न करता! रात्री शेवटची गाडी गेली की काही मिलिमीटर उतरवायचं, पहाटेच्या गाडीआधी रूळ पुन्हा चोख करायचे, आणि दुसऱ्या रात्री पुढचे काही मिलिमीटर. बॉक्सच्या तळाशी उतरलात तर ज्युबिलीच्या प्लॅटफॉर्मवरचे काचेचे दरवाजेही पाहा. लंडनच्या अंडरग्राउंडवर असे दरवाजे पहिल्यांदा याच विस्ताराच्या भूमिगत स्टेशनांवर आले. विस्ताराचे मुख्य वास्तुविशारद रोलंड पाओलेट्टी हाँगकाँगच्या मेट्रोचं काम करून लंडनला आलेले.

विस्तारातलं हे स्टेशन सर्वांत शेवटी उघडलं, २२ डिसेंबर १९९९ ला. त्याआधी महिनाभर गाड्या त्या भुयारांतून न थांबता जात होत्या, आत अजून काम चालू होतं.